‘नको’ काढायचं का?

ताईला कुणालाही नको म्हणता यायचं नाही. शेजाऱ्यांच्या घराच्या किल्ल्या तिच्याकडे, नवऱ्याच्या मित्राचं मांजर तिच्याकडे, ऑफिसातले कॉफीचे कप विसळायचं कामही कधीतरी तिच्याच गळ्यात पडलेलं. कुणी काही गळ्यात मारायला आलं की ही आधीच मान पुढे करायची. आणि गंमत अशी, की अशा बाईच्या हातून एक इतकं खमकं ‘नको’ तयार झालं होतं की भल्याभल्यांनी त्याच्यापुढे हात टेकावेत.

ते होतं ‘कवडसा’ नावाच्या ब्राउझरमध्ये. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेटवरची पानं बघतो तो. तुमच्या फोनवरही एक असणारच. कवडशाची खासियत ही, की त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा होता. कुणीही यावं, वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. एखादं पान तुमचा पत्ता किंवा फोटो मागायला लागलं की कवडसा एक छोटी पेटी दाखवायचा: ‘ह्यांना हे देऊ का?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नको’. ती पेटी ताईची, पहिल्या ओळीपासून तिने लिहिलेली. एकदा ‘नको’ दाबलं की विषय संपला. त्या पानाने पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. रोज लाखो लोक ते बटण दाबत होते. ताईला त्याचा अभिमान होता, आणि तोही आडून आडून नाही, चांगला उघड उघड अभिमान होता.

कवडशाचं ऑफिस म्हणजे सोफे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात कापसाचे पुंजके, वर वायरींचं जंजाळ. पुढच्या खोलीत बुवा बसायचे. बुवा म्हणजे कवडशाचे संस्थापक. तत्त्वांवर बोलायला लागले की थांबायचे नाहीत, म्हणून बुवा. तत्त्वं बुवांची असली तरी बाकी सगळं एका बड्या कंपनीचं होतं. सर्व्हर तिचे, खुर्च्या तिच्या, बुवांचा आणि ताईचा पगार तिचा, दूध फेसाळून देणारं कॉफीचं यंत्रसुद्धा तिचंच. सारखं काहीतरी घेऊन येते म्हणून सगळे त्या कंपनीला ‘मामा’ म्हणायचे. मग मामाने आपला म्हणून जो हसरा, इस्त्रीतला माणूस तिथे आणून बसवला, त्याचं नाव ओघानेच ‘भाचा’ पडलं.

भाचा काही वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. उलट इतका गोड होता की त्याच्याशी भांडायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नसे. तो आला की आधी तुमच्या पाठदुखीची चौकशी करायचा, मग खुर्चीची उंची नीट करून द्यायचा, आणि तुम्ही आरामात टेकलात की मामाचा निरोप द्यायचा.

त्या दिवशी निरोप असा होता: पेटीतून ‘नको’ काढायचं.

“काढायचं म्हणजे?” ताईने विचारलं.

“म्हणजे हळूच बदलायचं हो, ताई. ‘नको’ हा शब्द कसा टोचतो बघा. माणसाचा दिवस खराब होतो. आमच्याकडे अभ्यास झालाय त्यावर. त्याच्या जागी ‘नंतर’ लिहू. ‘हो’ आणि ‘नंतर’. किती मऊ वाटतं.”

“आणि ‘नंतर’ दाबलं की?”

“की पेटी नंतर येते,” भाचा म्हणाला. “ताई, ‘नंतर’ म्हणजे नकोच की. फक्त गोड.”

इथे खरं पाणी कुठे मुरत होतं ते ताईला तेव्हाच कळलं. मामाचा धंदाच मुळी लोकांची माहिती गोळा करण्याचा. लोक ‘नको’ दाबून मोकळे होत होते, आणि मामाचा घास तोंडाशी येऊन परत जात होता. ‘नंतर’ची पेटी मामाने आधीच बनवून ठेवली होती. ती परत यायची, आणि जितक्यांदा ‘नंतर’ म्हणाल तितकी जास्त लवकर परत यायची. शेवटी माणूस वैतागून ‘हो’ म्हणणार. घरात लहान मूल हट्टाला पेटलं की आपण तरी काय करतो?

ताईने बुवांकडे बघितलं. बुवांनी कॉफीच्या यंत्राकडे बघितलं. मग घसा साफ करून म्हणाले, “आपल्याकडे लोकशाही आहे. मतदान घेऊ.”

आता ह्या मतदानाची गोष्ट ऐका. कवडशाचा नियम असा, की ज्याची एक तरी दुरुस्ती स्वीकारली गेली त्याला मत. बुवांनी हा नियम केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे. पण गेलं वर्षभर मामाच्या ऑफिसातून दुरुस्त्यांची नुसती रांग लागली होती. एकाने एक स्वल्पविराम हलवला. दुसऱ्याने तो परत जागेवर ठेवला. तिसऱ्याने एक रिकामी ओळ काढली. बुवा कौतुकाने म्हणायचे, काय उत्साह आहे बघा. ताईने आता यादी काढली तर अर्ध्याहून जास्त मतदार मामाचे पगारी इंजिनियर. मामाने चक्क सगळ्यांना मामा बनवलं होतं.

मतदान हरलं की ‘नको’ जाणार, आणि पेटीची मालकीण म्हणून ते तिलाच, तिच्या हातांनी पुसावं लागणार. रडू येण्यासारखीच गोष्ट होती, आणि जिन्यात ती थोडी रडलीही. सोफेवाल्याने तिला एक उशी देऊ केली. ताईने ती घेतली, कारण तिला नको म्हणता येत नव्हतं.

घरी सासूबाईंनी सुनेचा चेहरा बघितला, उशी बघितली, आणि टीव्ही बंद केला.

“काय झालंय? तोंड एवढंसं का?”

ताईने सगळं सांगितलं. सासूबाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. सगळं आयुष्य लोकांच्या तारा जोडण्यात आणि तोडण्यात गेलेलं, त्यामुळे कुणाचं बोलणं कुठे वळतंय ते त्यांना चटकन कळायचं.

“म्हणजे त्यांनी यादीत आपली माणसं घुसवली,” त्या म्हणाल्या. “मग आपणही घुसवू. त्यात काय एवढं?”

“आई, दुरुस्ती करावी लागते. कोड यावा लागतो.”

“स्वल्पविरामाला कसला आलाय कोड? दाखव बघू तुझा तो कवडसा.”

ताईने लॅपटॉप पुढे केला. सासूबाईंनी चष्मा चढवला आणि कवडशाच्या मराठी सूचना मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘संचिका अधोभारित करताना त्रुटी उद्भवली आहे.’ हे काय गं? कुणी गेलं का?”

“फाइल उतरली नाही, असं म्हणायचंय.”

“मग तसं म्हणा ना. ‘अवैध प्रविष्टी.’ शी, हे तर काहीतरी भलतंच वाटतं. ‘कृपया वैध परवलीचा शब्द प्रविष्ट करा.’ ह्यापेक्षा दाराला कुलूप बरं.” त्यांनी चष्मा काढला. “उद्या दुपारी रमीला सगळ्या येतायत. हे घेऊन बैस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईच्या घरात जे झालं त्याचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत, तरी करते. रमीचं मंडळ म्हणजे सगळ्या साठीच्या पुढच्या, आणि आवाज एकीपेक्षा एकीचा चढा. त्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका; त्यांना सगळ्या हेडबाई म्हणायच्या. हेडबाईंनी ‘अनपेक्षित त्रुटी’ वाचलं आणि त्यांच्या अंगावर काटाच आला. “त्रुटी अपेक्षित असती तर तुम्ही ती होऊच दिली नसती ना? शब्द वाया का घालवायचा?” त्यांनी तिथे लिहिलं, ‘काहीतरी बिघडलं. आम्हालाही माहीत नाही काय.’ दुसऱ्या एकीने ‘सत्र समाप्त झाले’च्या जागी ‘बराच वेळ गेला, परत आत या’ केलं. ‘पुनर्प्रयत्न करा’चं काय करायचं ह्यावरून दोघींची जुंपली. एक म्हणे ‘परत बघा’, दुसरी म्हणे ‘अजून एकदा’. शेवटी पानं वाटून ठरवलं, आणि जिची रमी लागली तिचा शब्द गेला.

सगळ्या दुरुस्त्या रीतसर बुवांकडे गेल्या. बुवा वाचत बसले, हसता हसता त्यांचा चष्मा दोनदा पडला, आणि त्यांनी एकूण एक दुरुस्ती स्वीकारली. त्यांत खोट काढायला जागाच नव्हती. लोकांची पत्रं यायला लागली, की हा ब्राउझर अचानक माणसासारखं काय बोलायला लागला? अशा रीतीने अख्खं रमीचं मंडळ कवडशाचं मतदार झालं.

“आता?” सासूबाईंनी विचारलं.

ताईने पुन्हा यादी काढली. मामाचे तरीही जास्त होते. पण बायकांचा उत्साह इतका ओसंडत होता की तिच्याने ते सांगवेना.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. बुवांनी सगळ्यांना समक्ष यायचं आवतण दिलं होतं. मामाचे इंजिनियर आपल्या ऑफिसातून मतं देणार होते, पण स्वयंसेवक आले, रमीचं मंडळ आलं, आणि सोफेवाल्याने वर दोन अर्धवट शिवलेले सोफे चढवून दिले. कॉफीचं यंत्र दमून धापा टाकत होतं. हेडबाईंनी पत्ते पिसायला घेतले होते.

आणि भाचा सगळ्यांत खूश होता. त्याने एक कल्पना लढवली होती. “मतदान आमच्या नव्या पेटीतच घेऊ,” तो म्हणाला. “प्रात्यक्षिकही होऊन जाईल. लोकांना किती मऊ वाटतं ते कळेल.” बुवांना ते आवडलं. घाईत होते सगळेच. ताई तर इतकी धास्तावलेली, की तिने नीट बघितलंही नाही.

अकराच्या सुमाराला सगळ्यांच्या पडद्यांवर पेटी उघडली. ‘“नको” काढायचं का?’ खाली दोन बटणं: ‘हो’ आणि ‘नंतर’.

हेडबाईंनी पत्ते खाली ठेवले.

“काढायचं नसेल तर कुठे दाबायचं?” सासूबाईंनी विचारलं.

भाच्याने पडद्याकडे बघितलं. मग जवळ जाऊन बघितलं. “‘नंतर’ दाबा ना,” तो म्हणाला.

मामाच्या इंजिनियरांनी पटापटा ‘हो’ दाबलं. दाबायला दुसरं होतं काय? इकडे बाकीच्यांनी ‘नंतर’ दाबलं. ‘हो’चा आकडा भराभर वर गेला आणि थांबला. ‘नंतर’वाल्यांच्या नावापुढे मात्र ‘उत्तर बाकी’ असं आलं. थोड्या वेळाने पेटी परत आली. बायकांनी पुन्हा ‘नंतर’ दाबलं आणि पानं टाकली. पेटी आणखी लवकर आली. ‘नंतर’. पेटी आली. ‘नंतर’.

“टाक गं, तुझी पाळी.”

“थांब, पेटी आली. हं, नंतर. घे, बदामची राणी.”

बुवांचा एक जुना नियम होता, की नाव नोंदवलेल्या प्रत्येकाचं पक्कं उत्तर आल्याशिवाय मतदान बंद करायचं नाही. कुणाचंही मत राहून जाऊ नये, हा त्यांचा आग्रह. आणि मामाची पेटी बनवलेलीच अशी होती की तिला पक्कं उत्तर एकच कळायचं: ‘हो’. म्हणजे जोवर एक जण तरी ‘नंतर’ म्हणतोय, तोवर हे मतदान संपणार नव्हतं. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. हे ताईच्या ध्यानात आलं आणि तिला हसू फुटलं. ते आवरेना, म्हणून तिने सोफेवाल्याच्या गादीत तोंड खुपसलं.

भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो एकेका बाईपुढे जाऊन विनवायला लागला. “आजी, एवढं ‘हो’ करून टाका ना. नाहीतर ती येतच राहील.”

“येऊ दे की,” सासूबाई म्हणाल्या. “लोकांना होल्डवर ठेवण्यात जन्म गेलाय माझा. मला कुठे जायचंय?”

दुपारपर्यंत पेट्या इतक्या वेगाने यायला लागल्या की खोलीभर नुसतं टिंग टिंग चाललं होतं. स्वयंसेवकांनी त्या तालावर टाळ्या धरल्या. हेडबाई एका हाताने पत्ते आणि दुसऱ्या हाताने ‘नंतर’ अशा बसल्या होत्या, आणि दोन्हीकडे जिंकत होत्या. भाच्याचा फोन सारखा वाजत होता. मामाला निकाल हवा होता. संध्याकाळी मोठी घोषणा करायची होती.

शेवटी भाचा ताईपुढे येऊन बसला. “ताई, असं करू. ‘नंतर’ म्हणजे ‘नको’ असं धरून मोजू. तुम्हालाही तेच म्हणायचंय ना सगळ्यांना? मोजलं की झालं, आमची मतं जास्त आहेत.”

“धरू की,” ताई म्हणाली. “मला लिहून द्या. इथे, सगळ्यांना दिसेल असं. ‘नंतर म्हणजे नको.’ मग तुमच्या पेटीत कुणी ‘नंतर’ दाबलं की तिनेही ते ‘नको’च धरायचं, आणि परत यायचं नाही.”

असं लिहून दिलं तर मामाच्या पेटीत उरणार काय? आणि नाही दिलं तर हे मतदान त्याच्या पेन्शनीपर्यंत चालणार. बिचारा पुरता कात्रीत सापडला. त्याने टाय सैल केला, मामाच्या खुर्चीत रेलून बसला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली.

“आज माझी रजा होती,” तो एकदम म्हणाला. “मुलगी पहिल्यांदा सायकल चालवणार होती. मागचं चाक काढून, म्हणजे ते आधाराचं. सकाळी पेटी आली, ‘रजा पुढे ढकलू का?’ आमच्याकडे सगळीकडे हीच पेटी आहे, ताई. रजा, रविवार, बदली, सगळं हीच विचारते. मी ‘नंतर’ दाबलं. आंघोळीला गेलो तर परत आली. दात घासताना आली. मुलीला बूट घालत होतो तर तीनदा आली. शेवटी दाबलं ‘हो’.”

टिंग टिंग चालूच होतं, पण ताईला ते ऐकू येईनासं झालं. तिला भाच्याचं वाईट वाटलं, मनापासून वाटलं.

“मग तुम्हाला काय हवंय?” तिने विचारलं.

भाच्याने आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाला, “मला ‘नको’ हवंय.”

“काय हवंय?” हेडबाई पलीकडून ओरडल्या.

“‘नको’ हवंय,” भाचा जरा मोठ्याने म्हणाला. “ह्या मतदानापुरतं. पेटीत ‘नको’ घाला म्हणजे हे एकदाचं संपेल.”

खोलीत जो हशा उसळला त्याने खालच्या सोफेवाल्याची सुई हातातून पडली म्हणे. मामाचा माणूस ‘नको’ मागत होता. स्वयंसेवक एकमेकांच्या गळ्यात पडले. पण बुवा हसले नाहीत. त्यांनी ताईला बाजूला घेतलं, आणि ह्या खेपेला त्यांनी कॉफीच्या यंत्राकडे बघितलं नाही.

“ताई, घालू नकोस,” ते म्हणाले. “हे असंच लोंबकळत राहू दे. ‘नको’ घातलंस की मतदान संपेल, आणि त्यांची मतं जास्त आहेत. आपण हरू. तुझं बटण कायमचं जाईल.”

बुवांचं बरोबर होतं. ताईलाही ते चांगलं माहीत होतं. नुसती हातावर हात ठेवून बसली असती तरी तिचं बटण वाचलं असतं. तिने भाच्याकडे बघितलं. तो त्या खुर्चीत बसून होता आणि त्याचा फोन मांडीवर थरथरत होता.

“बुवा, ज्याला ‘नको’ हवंय त्याला ते मिळायला पाहिजे,” ताई म्हणाली. “मग तो मामाचा का असेना. नाहीतर मी ते केलं कशाला?”

ती लॅपटॉपपुढे बसली. तिचीच जुनी ओळ होती, ती तिने परत पेटीत घातली. आता बटणं बदलली, म्हणजे नियमाप्रमाणे सगळ्यांना नव्याने विचारायचं. आधीची उत्तरं रद्द. दोन्ही आकडे शून्यावर आले. पेटी उघडली: ‘“नको” काढायचं का?’ खाली तीन बटणं.

रमीच्या मंडळाने एका दमात ‘नको’ दाबलं, आणि दाबल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर बघण्यासारखा होता. स्वयंसेवकांनी दाबलं. बुवांनी दाबलं. ताईने सगळ्यांत शेवटी दाबलं. ‘नको’चा आकडा चढत चढत नेमका तिथे येऊन थांबला जिथे तो थांबणार हे ताईला माहीत होतं. टिंग टिंग बंद झालं. पेट्या परत येत नव्हत्या. इतक्या तासांनी खोली शांत झाली आणि सगळ्यांनाच कसंतरी वाटायला लागलं.

आता मामाची मतं यायची होती. ताईने डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी तिचा हात धरला.

“अगं,” सासूबाई म्हणाल्या. “ते हलतंय.”

ताईने डोळे उघडले. ‘हो’मध्ये तुरळक मतं पडली होती. आणि ‘नको’चा आकडा, जो थांबला होता, तो पुढे सरकला. एकाने. मग थोडं थांबून दोनाने. मग जणू कुणीतरी धरणाचं दार उघडलं, असा तो वर जायला लागला. खोलीतलं कुणी दाबत नव्हतं. खोलीतल्यांची मतं कधीच देऊन झाली होती. ही मामाच्या ऑफिसातून येत होती. ज्यांची रजा पुढे गेली होती, ज्यांचे रविवार गेले होते, ज्यांनी सकाळी मुकाट्याने ‘हो’ दाबलं होतं, त्यांना कित्येक दिवसांनी ते बटण दिसलं होतं. आणि त्यांनी ते दाबलं.

निकाल वाचायला उठलेले बुवा चष्माच पुसत राहिले. हेडबाईंनीच वाचला, शाळेत वाचतात तसा खणखणीत. ‘नको’ राहणार. पुढचं मला धड सांगता येणार नाही, कारण सगळेच एकदम बोलत होते. सासूबाईंनी पत्त्यांचा अख्खा जोड हवेत उधळला. ताई हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. सोफेवाला काय पडलं ते बघायला वर आला, आणि कुणीतरी त्यालाही मिठी मारली.

भाचा तेवढा जागचा उठला नव्हता. गडबड ओसरल्यावर ताई त्याच्यापाशी गेली. त्याच्या फोनवर मामाची पेटी आली होती: ‘निकालाचा खुलासा करायला आत्ता मुख्य ऑफिसात येता का?’ खाली ‘हो’ आणि ‘नंतर’.

“ताई,” तो म्हणाला, “तुमचं ते बटण ह्यात घालता येईल का?”

“मामाने ही पेटी आमच्याच कोडवरून उचललीय. कोड उघडा आहे, आणि फोन तुमचा आहे,” ताई म्हणाली. “मी नाही, तुम्हीच घाला. या, दाखवते.”

तिने त्याला आपल्या जागेवर बसवलं. भाच्याने जन्मात कधी कोडची ओळ लिहिली नव्हती. ताई सांगत गेली आणि तो एका बोटाने शोधत शोधत अक्षरं दाबत गेला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा फोनवर पेटीत तिसरं बटण उगवलं. त्याने एकदा ताईकडे बघितलं आणि ते दाबलं.

पेटी गेली. भाचा फोनकडे टक लावून बसला. ती परत येण्याची त्याला इतकी सवय झाली होती, की त्याचा अंगठा तसाच वर धरलेला होता.

“परत येईल ना?”

“नाही.”

“थोड्या वेळाने?”

“नाही येणार. एकदा सांगितलंत ना तिला.”

भाच्याने अंगठा खाली घेतला. मग त्याला हसायला यायला लागलं, आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “मग मी आता करू काय?” त्याने विचारलं.

“घरी जा,” ताई म्हणाली.

त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. एवढ्या उजेडात घरी जायला कुठली बस मिळते, ते त्याला खरंच आठवेना. तेव्हा ताई त्याच्याबरोबर खाली उतरली आणि त्याला थांबा दाखवला.